नॅनोवाला

मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत माझ्यामागे नुकतेच भारतातून आलेले एक गृहस्थ उभे होते. "आपण काय करता?" या प्रश्नातून अमेरिकेतल्या मराठी माणसाची सुटका नाही. मी म्हटलं, "चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. नॅनोमीटर जाडीचे थर मोजतो." ते म्हणाले, "अरे वा, नॅनो! आमच्या मेव्हण्याकडे होती. गाडी बरी होती हो, लोकांनी उगाच नावं ठेवली."

हसू नका मंडळी, यात त्यांची चूक नाही. टाटांची ती गाडी २००८ साली लोकांपुढे आली, २०१८ मध्ये बंदही झाली, पण 'नॅनो' हा शब्द घराघरात पोचवायचं काम तिनंच केलं. त्यानंतर शाम्पू नॅनो, मोजे नॅनो, भिंतीचा रंग नॅनो! आणि गावाकडच्या आमच्या गोतावळ्यात मी 'नॅनोवाला', म्हणून यातल्या कशाबद्दलही शंका आली की फोन मला येतो. बहुतेक वेळा मी हसून वेळ मारून नेतो. पण गेल्या काही वर्षांत दोन प्रश्न असे आले की हसण्यावारी नेता येईनात. एक माझ्या वडिलांचा, दुसरा चुलतभावाचा. लेख लिहायला बसलो तो त्या दोन प्रश्नांसाठी. पण त्याआधी नॅनो म्हणजे किती लहान ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर वडील (ते विज्ञानाचे शिक्षक होते) लेख वाचून "व्याख्या कुठंय?" म्हणून लाल शाई मारतील.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही, मलाही येत नाही. डोक्याचा एक केस ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आपल्या हाताची नखं सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतात, म्हणजे हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमची नखं पंधरा-वीस नॅनोमीटरनी लांब झाली. मी रोज जे थर मोजतो, ते चिपमधल्या विजेच्या खटक्याला अडवून धरणारे हाफ्नियम ऑक्साइडचे थर, जेमतेम दोन नॅनोमीटरचे असतात. २००७ पासून हा पदार्थ चिपमध्ये वापरला जातोय. त्यात एका अणूचा थर कमीजास्त झाला तरी आमच्याकडे मीटिंग बोलावतात. (जाता जाता: जाहिरातीत '३ नॅनोमीटरची चिप' म्हणतात ना, ते ३ आता कशाचंच प्रत्यक्ष माप नाही. मॉडेलचं नाव आहे ते. हे मी बोललो म्हणून ऑफिसात सांगू नका.)

नुसतं लहान असणं यात काय मोठेपण? मोठेपण असं की फार लहान झालं की पदार्थ वेगळा वागायला लागतो. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या, बर्फीचा समजा. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता त्याच बर्फीचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे करत गेलात (सुरी कुठून आणणार ते विचारू नका) आणि सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग एकत्र केलात तर तो भरतो सहा हजार चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ साठ गुंठे! एका बर्फीतून दीड एकर. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात, म्हणून नॅनो कण इतके चपळ.

दुसरी गंमत रंगाची. सोनं पिवळं असतं हे आपण लग्नाच्या बाजारात शिकतो. मायकेल फॅरडेनं १८५७ साली लंडनला दाखवलं की सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी माणकासारखं लाल दिसतं. कण दिसत नव्हते, रंग तेवढा दिसत होता. ते कण 'बघायला' लोकांना पुढे कितीतरी वर्षं थांबावं लागलं. १९५९ मध्ये रिचर्ड फाइनमननी कॅल्टेकमध्ये ते प्रसिद्ध भाषण दिलं, की अणू एकेक करून हवे तिथे मांडता आले तर काय होईल. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुचींनी १९७४ मध्ये वापरला. आणि अणू एकेक करून दाखवणारी सूक्ष्मदर्शी झुरिकला आयबीएमच्या बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये बनवली. बाकी इतिहास मी सोडून देतो, कारण मला क्वांटम डॉटबद्दल सांगायचंय.

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या क्वांटम डॉटला मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह रंगीत काचेवर काम करत होते. त्यांना दिसलं की काचेतले तांब्याच्या क्षाराचे स्फटिक जितके लहान, तितका काचेनं शोषलेला प्रकाश निळ्याकडे सरकतो. पदार्थ तोच, आकार वेगळा. इकडे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रूस यांना तेच द्रवात तरंगणाऱ्या कणांत सापडलं. शीतयुद्धाचे दिवस, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! कारण आपल्याला समजायला सोपं आहे. एकतारीची तार आखूड केली की स्वर चढतो. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच, त्याला फिरायला जागा आखूड केली की त्याचा 'स्वर' चढतो, म्हणजे प्रकाश लालाकडून निळ्याकडे जातो. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, पाच-सहा नॅनोमीटरचा लाल.

तिसरे मानकरी एमआयटीचे मुंगी बावेंडी. आधीचे लोक कण बनवत, पण एका बाटलीत लहानमोठे सगळे एकत्र, त्यामुळे रंग गढूळ. बावेंडींनी १९९३ मध्ये कडक तापवलेल्या द्रावणात कच्चा माल एकदम टोचला. पाकाची कशी क्षणात साखर धरते, तसे सगळे कण एकाच वेळी जन्मले, मग सारख्या वेगानं वाढवले. हवा तेवढा आकार झाला की थांबायचं. इतकी साधी युक्ती, पण रंग शुद्ध. हेच बावेंडी हार्वर्डमध्ये शिकताना रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते, हे त्यांनीच नोबेलनंतर सांगितलं. मंडळातल्या समस्त आयांनी हे मुलांना जरूर सांगावं. किंवा नका सांगू, बी ग्रेड आणून तेच तोंडावर फेकतील!

हे डॉट आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या दिवाणखान्यात आहेत. क्वांटम डॉट टीव्हीत मागून निळा प्रकाश येतो आणि पडद्यातले कण त्यातल्या काहीचा हिरवा आणि लाल करतात. कॅडमियम विषारी म्हणून आता बऱ्याच टीव्हीत इंडियम फॉस्फाइडचे कण असतात. आमच्याकडे असा टीव्ही आला तो २०२० मध्ये, अण्णांसाठी. म्हणजे माझ्या वडिलांसाठी.

अण्णा आणि आई जानेवारी २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी ओरेगनला आले, आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे विशेष विमानं सुरू झाली तरी पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला त्या गर्दीत पाठवायचा धीर होईना. दोनदा मुदतवाढ घेतली. अण्णा सकाळी अंगणात फेऱ्या मारायचे, दुपारी टीव्हीवर जुन्या क्रिकेटच्या मॅच बघायचे आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गावाकडच्या मित्रांशी बोलायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या वयोगटाचा लसीचा नंबर आला. मी पहाटे उठून कॉम्प्युटरवर वेळ मिळवली. (त्या दिवसांत ती मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं होतं.) संध्याकाळी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी घेणार नाही."

त्यांच्या शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मेसेज पाठवला होता. लसीत नॅनो कण आहेत, ते मेंदूत जाऊन बसतात, वगैरे. अण्णा भोळे नाहीत. छत्तीस वर्षं सातवी ते दहावीला विज्ञान शिकवलेला माणूस. चिप, फाइव्ह-जी वगैरे भाग त्यांनी स्वतःच खोडला. पण म्हणाले, "नॅनो कण आहेत हे खरं का खोटं, तेवढं सांग. तू त्यातलाच आहेस."

मी म्हटलं, "खरं आहे."

माझी बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे अशी बघायला लागली की बास. पण खोटं कसं सांगणार? कण आहेतच. शंभरेक नॅनोमीटरचे, स्निग्ध पदार्थाचे. मग जेवणाच्या टेबलावर वही-पेन्सिल घेऊन बसलो.

लसीतला मुद्देमाल म्हणजे आरएनएची एक चिठ्ठी. तिच्यावर कृती लिहिलेली: विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं प्रथिन कसं बनवायचं. फायझरच्या एका डोसात ही चिठ्ठी फक्त ३० मायक्रोग्रॅम, साखरेच्या एका दाण्यापेक्षाही कितीतरी कमी. ती नुसती टोचली तर रक्तातली विकरं तिचे क्षणात तुकडे करतात. शिवाय तिच्यावर ऋण भार, पेशीच्या पडद्यावरही ऋण भार, आत घेतं कोण? म्हणून तिला तेलकट वेष्टनात गुंडाळायचं. वेष्टनात चार जिन्नस: एक फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल लावलेला एक लिपिड, आणि चौथा जो आहे तो खरा करामती. रक्तात त्याच्यावर भार नसतो, त्यामुळे तो कुणाला त्रास देत नाही. पेशी त्या कणाला गिळते आणि एका पिशवीत ठेवते. पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. आम्ल लागलं की या चौथ्या लिपिडवर धन भार येतो, तो पिशवीच्या ऋण भाराच्या भिंतीला भिडतो, भिंत फुटते आणि चिठ्ठी बाहेर.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे लिटमससारखं. लिटमस आम्लात रंग बदलतो, हा भार बदलतो." इतकं नेमकं मला मास्टर्स करूनही सुचलं नव्हतं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. "काम झाल्यावर कण जातात कुठं?" बहुतेक दंडात आणि काखेतल्या गाठींत राहतात, थोडे यकृतापर्यंत जातात, चिठ्ठीचे काही दिवसांत तुकडे होतात, लिपिड शरीर पचवतं. "हे आधी कुणाला दिलंय का, का आम्हीच पहिले?" हा शिक्षकी प्रश्न. सांगितलं की याच जातीच्या कणांत भरलेलं एक औषध, पॅटिसिरान, एका दुर्मिळ आनुवंशिक रोगासाठी २०१८ पासून मान्य आहे, आणि त्या रुग्णांना ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. व्हँकुव्हरच्या पीटर कलिस यांच्या गटानं या कणांवर अनेक वर्षं घालवली. "आणि वीस वर्षांनी काय होईल?" मी म्हटलं, "अण्णा, वीस वर्षांनंतरचं आज कुणीच पाहिलेलं नाही. करोना झाला तर पुढच्या तीन आठवड्यांत काय होऊ शकतं, ते मात्र सगळ्यांनी पाहिलंय."

ते उठून झोपायला गेले. मला वाटलं, संपलं. सकाळी सात वाजता स्वेटर, मफलर, कानटोपी घालून दारात उभे. "लिटमसवाली लस ना? चल."

दंड दुखला, एक रात्र ताप आला, तीन आठवड्यांनी दुसरा डोस झाला. एप्रिल-मेमध्ये गावाकडे काय चाललं होतं ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. मेसेज पाठवणारे ते सहकारी मे महिन्यात गेले. त्यांचा लसीचा नंबर लागला होता, त्यांनी घेतली नव्हती. घेतली असती तर वाचले असते का, हे मी कुठल्याही आकड्यानं सांगू शकत नाही. अण्णा त्या दिवशी टीव्ही बंद करून बसले आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मी त्याला तुझी वही फोटो काढून पाठवायला हवी होती."

या चिठ्ठीच्या मूळ संशोधनाबद्दल कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, क्वांटम डॉटला मिळालं त्याच आठवड्यात. पुण्याच्या जेनोवा कंपनीनं याच तंत्राची लस बनवली, तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती भुकटीच्या रूपात साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकते. फायझरच्या लसीला तेव्हा उणे ७० अंश लागायचे. अण्णांना हे कळल्यावर त्यांनी फोनवर असा सूर लावला की जणू मीच मागे पडलो!

आता दुसरा प्रश्न. अण्णा-आई गावी परतल्यावर दीडेक वर्षानं, गव्हाच्या दिवसांत, चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. भाऊ शेती बघतो, माझ्या वाटणीचीही. "दादा, तू नॅनोचंच काम करतोस न्हवं? नॅनो युरिया म्हणून बाटली आलीय. अर्धा लिटर. दुकानदार म्हणतोय एका पोत्याचं काम करती. मारू का नको?"

ही बाटली २०२१ पासून भारतात विकली जाते. मी म्हटलं, "लेबल वाच." त्यानं वाचलं: नायट्रोजन चार टक्के. मी फोन धरूनच आकडेमोड केली. अर्ध्या लिटरात चार टक्के म्हणजे २० ग्रॅम नायट्रोजन. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. हजारपटींचा फरक! बरं, मान्य करू की पोत्यातला बराचसा युरिया हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो आणि पिकाला तिसरा हिस्साच मिळतो. तरी सात किलो. बाटलीतला कणन् कण पानानं शोषला तरी २० ग्रॅम. साडेतीनशेपट कमी. पुढे २०२४ मध्ये २० टक्क्यांची बाटली आली, पण तिच्यातही शंभरेक ग्रॅमच.

नॅनो कणाचा पृष्ठभाग साठ गुंठे होतो हे मीच वर सांगितलं. पण पृष्ठभाग वाढला म्हणून वजन वाढत नाही. गव्हाच्या दाण्यातल्या प्रथिनाला नायट्रोजनचे अणू लागतात, मोजून लागतात, ते कुठून तरी यावेच लागतात. आणि युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. एकदा विरघळला की कण कुठला आणि आकार कुठला? कंपनीचं म्हणणं, हजारो शेतकऱ्यांकडे प्रयोग करून उत्पन्न वाढल्याचं दिसलंय. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र शेतात दोन वर्षं करून बघितलं, की नेहमीचं खत कमी करून ही फवारणी केली तर काय होतं. गहू आणि भात, दोन्हीचं उत्पन्न घटलं. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोघांनीही २०२३ मध्ये या दाव्यांवर कडक लेख लिहिला. माझं स्वतःचं मत तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण फोनवर "मारू नको" म्हणताना जीभ अडखळली. ज्या नॅनोनं वडिलांना वाचवलं असं मी मानतो, त्याच शब्दाला आता नाही म्हणायचं, तेही हजारो मैलांवरून, ज्यानं पंचवीस वर्षांत वाफ्यात पाय ठेवला नाही त्यानं. भाऊही तेच म्हणाला, वेगळ्या शब्दांत. "दादा, तुझा हिशेब बरोबर असंल. पण पोतं टायमावर मिळत न्हाई, अन् मिळालं तर दुकानदार त्येच्यासंगं बाटली गळ्यात मारतोय. पैसं तर गेल्यातच. मग वतून टाकू का?" याला माझ्याकडे समीकरण नव्हतं.

(इथे एक आवर्जून सांगतो, कारण हे ऐकलं की आपल्याकडे काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात: "नॅनो आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच होतं!" दमास्कसच्या तलवारीचं पोलाद दक्षिण भारतातून जायचं हे खरं. ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना २००६ मध्ये सतराव्या शतकातल्या अशा एका तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्या, हेही खरं. पण त्या लोहारांना नळ्या ठाऊक नव्हत्या. भट्टी ठाऊक होती, हात ठाऊक होता. त्यांचं श्रेय तेवढ्यानं कमी होत नाही.)

तर शेवटी तोडगा अण्णांनी काढला. वीस गुंठे गव्हाचे दोन भाग. दहा गुंठ्यांना नेहमीसारखं पोत्यातलं खत, दहा गुंठ्यांना वरखताच्या जागी बाटली. मळणी वेगवेगळी, वजन अण्णांच्या देखरेखीखाली. ताणकाटा त्यांनी शाळेतून मागून आणला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पोत्याकडे पावणेचार क्विंटल, बाटलीकडे सव्वातीन.

मी खूष होऊन फोन केला, तर अण्णा म्हणाले, "थांब, नाचू नकोस. बाटलीचे वाफे बांधाकडचे होते. तिकडं निंबाची सावली पडते. हे मला आधी कळायला हवं होतं." भाऊ मागून ओरडला, "अन् पाणीबी तिकडं उशिरा पोचतं!"

तेव्हा या रब्बीत पुन्हा करायचं ठरलंय. या वेळी आठ वाफे, आणि कुठल्या वाफ्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चिठ्ठ्या अण्णांनी लिहून ठेवल्यात. काढायला नातीला व्हिडिओवर बसवायचं म्हणतात, तिचा कुणाकडे कल नाही म्हणून.